टोळीतली वैद्यीण

"आई, ढालवाला पडतोय, वाचवा त्याला!" शेजारच्या संगणकावरून सून ओरडली. शकुंतलाबाईंनी बटण दाबलं, तसा पडद्यावरचा ढालवाला धडपडत उठला आणि पुन्हा ड्रॅगनला भिडला.

खेळातल्या त्यांच्या पाच जणांच्या टोळीत सुनेकडे तलवार होती. ढाल, धनुष्य आणि जादू गावोगावची पोरं सांभाळत होती. वैद्य व्हायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून ते काम शकुंतलाबाईंच्या गळ्यात पडलं होतं. आता कुणी मागितलं असतं तरी त्यांनी ते दिलं नसतं.

ड्रॅगननं आग ओकली तेव्हा त्यांच्याकडे एकाच मंत्रापुरती शक्ती उरली होती. स्वतःला वाचवायचं की सुनेला, याचा त्यांनी विचारही केला नाही. त्यांची वैद्यीण जळून खाक झाली आणि सुनेची तलवार ड्रॅगनच्या गळ्यातून आरपार गेली.

निकाल झळकला, तसा मागे उभा असलेला मुलगा हसला. "आई, तू एकालाही मारलं नाहीस. आणि पाचांत मेलीस तीही तू एकटीच!"

शकुंतलाबाईंनी ताठ मानेनं चष्मा सारखा केला. "एकटीच ना? अरे, मग वैद्यानं आणखी काय करायचं असतं?"