एक झाड सोडून

लताबाईने रांगेतल्या सगळ्या झाडांना पाणी घातलं आणि त्या एका करंजाला वळसा घालून ती पुढे गेली.

एप्रिल सरत आला होता. खाणीच्या तळाशी ऊन नुसतं साठून राहायचं. बचत गटाच्या बायकांनी झाडं वाटून घेतली होती. मधली रांग लताबाईची. टाकीवरून नळी ओढायची, एकेक आळं भरायचं. करंजाचं आळं मात्र ती होळीपासून कोरडंच ठेवत होती.

इथे आधी डोंगर होता. खडीसाठी तो फोडत नेला आणि डोंगराच्या जागी खड्डा झाला. तिचा नवरा जयराम तिथे सुरुंगाची भोकं पाडायचा. त्याची पहिली बायको नवसाबाई खाली दगड फोडायची. एका दुपारी कडा सुटला आणि ती त्याखाली गेली. मग खाण बंद पडली. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून कोळशाची राख डंपर भरभरून आली, त्या राखेने निम्मा खड्डा बुजला. राखेवर काळी माती पसरली, मातीत एका संस्थेने झाडं लावली. आता नाशिकची माणसं रविवारी फिरायला येतात, फोटो काढतात.

लताबाई येवल्याची. मूल होत नाही म्हणून पहिल्या नवऱ्याने सोडलेली. झाडं लागली त्याच साली तिचं जयरामशी लग्न झालं. माणूस चांगला, आवाज न चढवणारा. पण घरात बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींखाली नवसाबाईचा फोटो होता, आणि तो पुसायचं काम लताबाईकडेच आलं होतं. आमटी खारट झाली की शेजारची फुलाबाई सहज म्हणायची, "नवसाचा हात लय मोजका होता." जिवंत सवतीशी भांडता तरी येतं. मेलेली चुकत नाही, म्हातारी होत नाही.

फुलाबाईनेच एकदा सांगितलं, "ते करंजाचं झाड संस्थेचं नाय बरं. ते जयरामनं आपल्या हातानं लावलं." पुढे काही विचारायची लताबाईला गरज वाटली नाही. जयराम आता अंबडला एका कारखान्यात वॉचमन होता. रोज संध्याकाळी येताना वाट वाकडी करून तो त्या झाडापाशी थांबायचा. पानांवरून हात फिरवायचा. तसा हात त्याने आपल्या पाठीवरून कधी फिरवल्याचं तिला आठवत नव्हतं.

पानं आधी मलूल झाली, मग पिवळी पडली, मग गळायला लागली. लताबाई रोज बघायची. बघून जिवाला गार वाटायचं.

"पाणी मिळतंय ना त्याला?" जयरामने एकदा विचारलं.

"घालते की."

"खाली राख हाय. धरत नसंल पाणी." दुसऱ्या दिवशी त्याने सायकलवरून शेणखताची गोणी आणून आळ्यात ओतली.

त्याचा उपयोग झाला नाही. एका संध्याकाळी लताबाई नळी गुंडाळत असताना तो आला. त्याने खोडाची साल नखाने खरवडली. आत हिरवं काही नव्हतं. फांदी वाकवली, ती कटकन मोडली. तो आळ्याच्या कडेला खाली बसला आणि त्याने टॉवेल डोळ्यांना लावला.

लताबाईला ते बघवलं नाही. "तिच्यासाठी अजून किती रडाल?"

"कुणासाठी?"

"नवसाबाईसाठी. तिचंच ना हे?"

जयरामने मान वर केली. आधी त्याला कळलंच नाही. मग कोरड्या आळ्याकडे आणि तिच्या हातातल्या ओल्या नळीकडे त्याची नजर गेली.

"हे तुझं," तो म्हणाला. "तू घरात आलीस तवा लावलं. म्हटलं, दोघं नवीन हायेत. संगतीनं रुजतील."

नळीचं वेटोळं लताबाईच्या हातातून घसरलं. तिने विचारलं, "मग तिचं कुठाय?"

जयरामने खाणीच्या उगवतीच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे नुसतं गवत होतं.

"ती तिथं गेली. तिथं मी कायबी लावलं नाय. तुला वाईट वाटलं असतं."