दहा लाखांत एक

“रिपोर्टमध्ये काही का असेना, यांना आजार दुर्मिळ आहे असंच सांगा!” घड्याळजींच्या बायकोने डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना दाराशीच गाठलं.

तिचा नाइलाज होता. नवऱ्याच्या पापणीवर सहा महिने गाठ ठाण मांडून बसली होती. रांजणवाडीच ती, असं सगळं घर म्हणत होतं. पण ज्या डोळ्याला भिंग लावून ते घड्याळं उघडायचे, नेमका तोच मिटत चालला होता. कापून घ्या म्हटलं की गृहस्थ उसळायचे. “रांजणवाडी चारचौघांना होते. तिच्यासाठी ऑपरेशन?” साध्या गोष्टींचा त्यांना भारी तिटकारा. दुकानात कोणी साधं घड्याळ आणलं, तर हातही न लावता त्याला दुसऱ्या दुकानाचा रस्ता दाखवायचे. गाठीचा तुकडा तपासायला दिला, तोही बायकोने दोन दिवस अबोला धरल्यावर.

“मी रिपोर्टमध्ये असेल तेच सांगते, काकू,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. असं बोलावंच लागतं त्यांना, हे समजून बायकोने मान डोलावली.

आत त्यांनी कागद उलगडला. “काका, ही रांजणवाडी नाही. पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर आहे. दिसतो रांजणवाडीसारखाच, म्हणून भल्याभल्यांना चकवतो. लगेच काढायला हवा.”

घड्याळजी पांढरे पडले. बायकोला त्यांची दयाच आली. मग ते खुर्चीत सावरून बसले.

“असा किती जणांना होतो?”

“दहा लाखांत एखाद्याला. मीसुद्धा सोळा वर्षांत पहिल्यांदाच पाहतेय.”

“मग काढा!” ते रुबाबात म्हणाले. हसू दाबायला बायकोने खोकल्याचं सोंग केलं. बाई भलत्याच पोचलेल्या निघाल्या, तिला वाटलं.

गाठ मुळासकट निघाली. डोळा वाचला. भेटायला येईल त्याला घड्याळजी तो आकडा ऐकवू लागले. मेहुण्याने आपल्या मुतखड्याचा विषय काढला, तर त्याला त्यांनी पुढे बोलूच दिलं नाही.

टाके काढायच्या दिवशी बायकोने डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. “तुमचे उपकार कसे फेडू? फक्त थाप मारताना कॅन्सर म्हणणं जरा जास्तच झालं हो. मला मेलीला हसू आवरेना.”

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

“काकू, आधी बसा. मी थाप मारलीच नव्हती.”