खंडेनवमीचं हेल्मेट

खंडेनवमीला पूजलेलं अवजार त्या दिवशी वापरत नाहीत, म्हणून धरणावर विंडसर्फिंग शिकवणाऱ्या अंबादास सरांनी कुंकू लावलेलं हेल्मेट जागचं हलवलं नाही. शिडाची फळी मात्र त्यांनी पूजेला मांडलीच नव्हती, कारण स्पर्धा चार दिवसांवर आली होती. “पाण्यात कोनाचं डोकं फुटते, पोरी?” म्हणत त्यांनी रुपालीला तसंच धाडलं. वारा फिरला अन् शिडाचा दांडा तिच्या डोक्यात बसला. आता दवाखान्यात सर तेच हेल्मेट घेऊन उभे होते, आपण सुरक्षेचं सगळं सामान ठेवतो, हे तिच्या आईला दाखवायला. नऊ टाके पडलेली रुपाली पुटपुटली, “सरांनी देल्लं होतं आई, मीच नाही घातलं.” आईनं हेल्मेटवरचं कोरडं कुंकू बोटानं पुसून पाहिलं. “हेल्मेटले कुंकू अन् माह्या पोरीच्या डोक्याले टाके, असं काऊन हो सर?”