पातळ भिंग

"ह्याला पातळ म्हणतात?" सुहासिनीने नवा चष्मा नवऱ्याच्या नाकासमोर धरला.

विष्णुपंतांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, चष्म्याकडे पाहिलं, "जाडच आहे की," म्हणाले आणि वर्तमानपत्र पुन्हा वर केलं. कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झाल्यापासून कुठल्याही विषयावर ते एवढंच बोलायचे. सुहासिनीला वाटलं, कपाळ बडवून घ्यावं. स्वतःचं की त्यांचं, एवढंच ठरायचं होतं.

उद्या ठाण्याचे लोक त्यांच्या मुलीला, प्राचीला, बघायला येणार होते. मुलगा गंधार, एकुलता एक, पत्रिका झकास जुळलेली. याआधीची तीन स्थळं चष्म्यापायी हातची गेली होती. तोंडावर कुणी तसं म्हणायचं नाही, पण पोह्यांची बशी हातात घेऊन सगळे बघायचे ते प्राचीच्या डोळ्यांकडेच. उणे अकरा नंबरच्या भिंगामागे पोरीचे टपोरे डोळे वाटाण्याएवढे दिसायचे. काँटॅक्ट लेन्स तिला सोसत नव्हत्या आणि ऑपरेशनला डॉक्टर नको म्हणाले होते. राहता राहिलं भिंग.

भिंगातलं सुहासिनीला आता दुकानदाराइतकं कळायला लागलं होतं. शिकवलं प्राचीनेच. ती अंबरनाथला एका शाळेत दहावीला विज्ञान शिकवायची. प्रकाश हवेतून दुसऱ्या पदार्थात शिरला की वाकतो. साधी काच कमी वाकवते, काही खास प्लॅस्टिक जास्त वाकवतं. जास्त वाकवणारं घेतलं की थोड्या जाडीत काम भागतं. मग घ्या की ते! सुहासिनी दर वेळी त्याच महागड्या भिंगाचे पैसे मोजायची आणि दर वेळी घरी यायचं ते सोडा बाटलीचं बूड.

दुकान उल्हासनगरला, कमलेश नावाच्या सिंधी मुलाचं. बदलापुरात चष्म्याची दुकानं काय कमी होती? पण प्राचीचा हट्ट, चष्मा करायचा तर तिथेच. अंबरनाथची शाळा सुटल्यावर घरी यायचं तर इकडे बदलापूरला यावं, ही चष्म्यासाठी उलटी उल्हासनगरला जायची आणि उशिरा उगवायची. जाब विचारला तर कमलेशचं उत्तर ठरलेलं, "आंटी, नंबर वाढला ना." आणि प्राची बाजूला उभी राहून मान डोलवायची. एवढी शिकलेली पोर आणि कुणीही गंडवावं, याचाच सुहासिनीला जास्त संताप यायचा.

ती तणतणत स्वयंपाकघरात गेली. कढई गॅसवर ठेवली, गोडेतेलाची बरणी उघडली आणि हात तसाच थांबला.

मागे एकदा प्राचीने वर्गात दाखवायचा प्रयोग याच ओट्यावर करून पाहिला होता. काचेची कांडी तेलात बुडवली आणि कांडी दिसेनाशी झाली. तेल आणि काच प्रकाश जवळपास सारखाच वाकवतात, मग काच कुठे सुरू होते ते डोळ्यांना कळत नाही, असं तिने समजावलं होतं. तेव्हा सुहासिनीला फक्त वाया गेलेल्या तेलाचं वाईट वाटलं होतं.

म्हणजे भिंग खरंच महागातलं असेल, तर ते तेलात ठळक दिसायला हवं.

तिने पातेल्यात तेल ओतलं आणि नवा कोरा चष्मा त्यात सोडला. फ्रेम दिसत होती. भिंगं जवळजवळ गायब.

"साधी काच!" ती एवढ्या जोरात ओरडली की विष्णुपंत वर्तमानपत्र ठेवून आत आले. पातेल्यातला चष्मा पाहून त्यांना आधी बायकोचीच काळजी वाटली.

प्राची जुना चष्मा लावून जादा तासाला गेली होती. तिची वाट बघण्यात अर्थ नव्हता, ती पुन्हा मान डोलवणार. सुहासिनीने तेलकट चष्मा स्टीलच्या डब्यात घातला आणि मांजर्लीच्या नाक्यावर रिक्षा गाठली. वाटभर ती मनातल्या मनात बोलायची वाक्यं घोटत होती. पोलिसांचं नाव कुठल्या वाक्यात घ्यायचं, तेही ठरवून झालं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कमलेश काउंटरमागे होता आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याची आई बसली होती. तिला सगळा बाजार माई म्हणायचा. आतल्या खोलीच्या पडद्यामागे भिंगं घासायचं मशीन घरघरत होतं.

सुहासिनीने डबा काउंटरवर आपटला. तेल, काच, प्रकाश, तीन स्थळं आणि उद्याचे ठाणेकर, सगळं एका दमात ऐकवलं. "माझ्या मुलीचं लग्न मोडतंय तुझ्या लबाडीपायी," ती म्हणाली. रागाच्या खाली इतके दिवस दाबून ठेवलेलं रडू वर आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

कमलेशने खणातून चार चष्मे काढून ओळीने मांडले. चारही फ्रेमा प्राचीच्या चष्म्यांसारख्याच, भिंगं पातळ, नितळ.

"तुम्ही पैसे दिले तेच भिंग मी प्रत्येक टायमाला बनवलं आंटी. ती घरी नेत नव्हती. बोलायची, घरी साध्या काचेचा दे, जाड दिसला पाहिजे."

सुहासिनीने एक चष्मा उचलला आणि उजेडात धरला. याच भिंगासाठी तिने जिवाचं रान केलं होतं.

"जाड दिसला पाहिजे? का पण?"

कमलेशने आईकडे पाहिलं. आतलं मशीन बंद झालं. माई गुडघ्यांवर हात टेकून सावकाश उठली आणि तिने पडदा बाजूला केला.

"बहू, बाहर आ. तेरी मम्मी आई है."