थांबलेलं रिंगण

मायाप्पांच्या फोटोला हार घातला होता आणि शेजारी ठेवलेल्या त्यांच्या हलगीलाही एक लहान हार घातला होता. फोटोचं टेबल रिंगणाच्या बाहेर, स्पीकरला लागून होतं. उपासना पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसून वडिलांच्या आवाजाची वाट पाहत होती.

बेळगुंदीच्या लेझीम मंडळाला पन्नास वर्षं झाली होती, त्याचा हा सोहळा. त्यातली बहुतेक वर्षं हलगी मायाप्पांच्या हातात होती. उन्हाळ्यात ते गेले. दुसरा वाजवणारा तयार झाला नाही, म्हणून मंडळाचे अध्यक्ष आण्णाप्पा टिळकवाडीला तिच्या घरी आले. गेल्या वर्षीच्या सरावाचं रेकॉर्डिंग तिच्या मोबाईलमध्ये होतं, ते त्यांनी मागून घेतलं. फोटोशेजारी ठेवायला हलगीही मागितली. तिचा भाऊ प्रशिक चिडला. ज्या कातड्यानं आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेर ठेवलं, ते परत गावात कशाला न्यायचं, असं त्याचं म्हणणं. उपासनानं तरी हलगी दिली. मयताला वाजवायचं आप्पांनी तरुणपणीच सोडलं होतं. लेझमीला मात्र वाजवायचे, तेही रिंगणाच्या मधोमध उभे राहून.

त्या रेकॉर्डिंगमध्ये एका जागी हलगी थांबत होती. आप्पा खोकायचे आणि म्हणायचे, "थांबा रं. भावकू मागं ऱ्हायलाय." कुणीतरी हसायचं, मग हलगी पुन्हा सुरू व्हायची. घरी एकटीनं ते ऐकणं तिला जमलं नव्हतं. सगळ्यांत बसून जमेल, असं वाटलं होतं.

स्पीकरवर हलगी कडाडली. शाळेच्या मैदानावर लेझमी एकदम उघडल्या, मिटल्या. संथ चाल झाली. उपासनानं खुर्चीचा हात घट्ट धरला. ती जागा आली आणि गेली. खोकला आला नाही. हलगी न थांबता सरळ जलद चालीवर चढली.

रिंगणात भावकू मागे राहिले. त्यांचा पाय वळेपर्यंत पुढचा गडी वळला होता. त्यांची लेझीम शेजाऱ्याच्या लेझमीत अडकली. ती सोडवून ते बाहेर आले आणि गुडघा दाबत कट्ट्यावर बसले. त्यांची मोकळी जागा दोन पावलांत बुजली.

उपासना उठून आण्णाप्पांकडे गेली. आप्पांचं बोलणं कुठं गेलं, असं तिनं हळू आवाजात विचारलं. त्यांनी तितक्याच हळू, मायेनं समजावलं.

"बेळगावास्नं पाव्हणं आल्यात. त्येंच्या म्होरं तुझ्या आप्पानं सगळ्या गावाला 'थांबा रं' म्हणलेलं बरं दिसंना. तेवढंच काढलंय बघ. हलगी सगळी हाय."

"तेवढेच तर आप्पा होते, काका," ती म्हणाली.

तिनं साऊंडवाल्याला बंद करायला सांगितलं. तो आण्णाप्पांच्या तोंडाकडे बघू लागला, तेव्हा तिनंच वाकून वायर उपसली.

लेझमी उघड्याच राहिल्या. "लाईट गेली जणू," रिंगणातून कुणीतरी म्हणालं. "न्हाय रं, टिळकवाडीच्या मॅडम उठल्या," दुसऱ्यानं सांगितलं. काही जण हसले.

तिनं हलगीवरचा हार काढून टेबलावर ठेवला. बोटानं वाजवून पाहिलं. कातडं सैल पडलं होतं. ती मांडवाच्या मागं गेली. तिथं चुलीवर जेवणाचा भात शिजत होता. स्वयंपाक बघणाऱ्या जयाबाईंनी तिच्या हातात काय आहे ते पाहिलं आणि न विचारता पातेलं एका बाजूला सरकवलं. कातडं ताणून यावं म्हणून हलगी शेकायचं काम लहानपणी उपासनाचंच असे. जाळाजवळ ती फिरवत राहायची, मधूनमधून वाजवून पाहायची. एक संथ चाल तिला तेवढ्यावरच आली होती.

ती परत आली तेव्हा आण्णाप्पा माईकवर होते. घरच्यांचा सत्कार शेवटी आहे, तोवर तिनं बसून घ्यावं, असं ते सांगत होते. ती रिंगणापाशी जाऊन उभी राहिली. खांद्याला खांदा लागलेला होता. कुणी हललं नाही.

कट्ट्यावरून भावकू उठले. लेझीम उचलून आपल्या मघाच्या जागेवर आले आणि दोन्ही बाजूंच्या गड्यांना कोपरानं मागं सारलं. "सरका की. बुजवून टाकलंसा व्हय मला?" त्यांनी केलेल्या वाटेतून उपासना आत गेली.

पहिले काही ठोके चुकले. मग हाताला चाल सापडली. आधी भावकूंची लेझीम वाजली, मग त्यांच्या शेजारच्यांची, मग हळूहळू सगळ्यांची. पुढची पोरं जलद चालीसाठी उतावीळ झाली, मानेनं खुणावू लागली. ती चाल तिला येत नव्हती. तिला जिथवर जायचं होतं, तिथवर मात्र येत होतं.

वळणावर भावकूंचा पाय मागे पडला. तिनं हात थांबवला. लेझमी वेड्यावाकड्या वाजत एकेक करून गप्प झाल्या. पाहुणे खुर्चीत पुढं सरकले. आण्णाप्पांनी माईक तोंडाजवळ नेला.

त्यांच्याआधी ती बोलली, आणि माईकशिवाय सगळ्या मैदानाला ऐकू गेलं.

"थांबा रं. भावकूअण्णा मागं ऱ्हायल्यात."

रिंगणात तिच्या वडिलांच्या वयाची माणसं होती, त्यांची पोरं होती, नातवंडं होती. सगळी उभी राहिली. भावकूंनी धोतराचा सोगा नीट खोचला, लेझीम या हातातून त्या हातात घेतली आणि अजिबात घाई न करता आपल्या जागेवर आले.