नळाची उचकी

"कधीपासून गळतोय?" प्लंबरनं पिशवी ओट्यावर ठेवत विचारलं.

"गळत नाहीये," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "उचकी लागलीय त्याला."

प्लंबर हसला. बोलघेवडा माणूस, हातापेक्षा तोंड जास्त चालणारा. "काकू, माझं आयुष्य नळांत गेलं. नळाचं ठिबकतं, भिंतीचं झिरपतं, टाकीचं पाझरतं. उचकी आजच ऐकतोय. कुठून आणलात हा शब्द?"

बायकोनं ओट्याजवळच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो पुढे आला.

"आमच्या मुलीचा आहे. बोबडं बोलायची तेव्हाचा. थेंब पडतो, थांबतो, पुन्हा पडतो. ती म्हणाली, नळाला उचकी लागली. मग उचकीला करतात तेच करायचं. कोण आठवण काढतंय, त्याचं नाव घ्यायचं. बरोबर नाव आलं की थांबते."

"आणि थांबायचा नळ?"

"थांबायचा की."

कसा थांबायचा, ते त्यानं सांगितलं नाही. छतावरच्या टाकीतून पाइप भिंतीवरून खाली नळापर्यंत आला होता, आणि त्या पाइपावर मोठ्या माणसाच्या मानेच्या उंचीला पाणी बंद करायचा कॉक होता. पोरगी एकेक नाव घ्यायची. आत्या, मावशी, शाळेतल्या बाई. हा पठ्ठ्या भिंतीला टेकून मान खाजवल्यासारखं करायचा आणि मनासारखं नाव आलं की मागच्या मागे कॉक फिरवायचा. एकदा तर शेजारच्या बोक्याच्या नावावर नळ थांबला होता. पोरगी टाळ्या पिटायची. बायकोला सगळं ठाऊक असायचं. ती तोंडावर हात दाबून हसायची.

"डोकेबाज आहे हो पोरगी," प्लंबर म्हणाला. "शाळेत गेलीय?"

"गेल्या वर्षी तापात गेली," नवरा म्हणाला.

वर हात घालून प्लंबरनं काहीतरी चाचपलं, नळ हलवून पाहिला, पिशवी उलटीपालटी केली. "वायसर गेलाय. या मापाचा नाही माझ्याकडे. आलोच घेऊन," असं पुटपुटत तो खाली मान घालून जिना उतरला.

दोघंच उरले. सिंकमध्ये वाटी होती आणि वाटीत थेंब पडत होता. टाकी रिकामी होते म्हणून सगळी इमारत भांडायला आली नसती, तर बायकोनं आजही प्लंबरला दारात उभं केलं नसतं.

"तो यायच्या आत एकदा नावं घ्या ना," ती म्हणाली.

नवऱ्याला तिच्याकडे बघवेना. "आत्या," तो म्हणाला.

टप्प.

"मावशी. शाळेतल्या बाई."

टप्प.

"बोका."

टप्प. दोघांनाही हसू आलं नाही.

"आता तू घे," तो म्हणाला. "तिचं."

"नको."

"अगं, वर्ष झालं. आपण तिचं नाव तोंडातून काढलेलं नाही."

"घेतलं आणि थांबलं नाही तर?" ती वाटीकडे बघत म्हणाली. "म्हणजे तिला आपली आठवण येत नाही. मग मी कुठं जाऊ?"

वर्षभर ही बाई नळाला हात का लावू देत नव्हती, ते नवऱ्याला आत्ता कळलं. तो हळूच भिंतीला टेकला. मान खाजवल्यासारखं करत त्यानं हात मागे नेला.

"घे," तो म्हणाला. "थांबेल."

तिनं डोळे मिटले. त्याच्या बोटांना कॉक लागला. कॉक आधीच आडवा होता, घट्ट बंद.

टप्प.

म्हणजे नळ थांबवणं आता त्याच्या हातात नव्हतं. थांब, असं त्याला म्हणायचं होतं. पण तेवढ्यात तिनं नाव घेतलं.

दोघं पुढच्या थेंबाची वाट बघत राहिले. तो पडला नाही.

तिनं डोळे उघडले ते थेट त्याच्या खांद्यामागे बघत. "तुम्ही बंद केलात."

"मी नाही."

"हात मागे आहे तुमचा."

त्यानं हात पुढे आणला. "मी लावायच्या आधीच बंद होता. तुझी शपथ."

जिन्यावर पावलं वाजली. प्लंबर ते शेवटचं बोलणं ऐकतच आत आला आणि दोघांचे चेहरे बघून ओशाळला. "कॉक मीच बंद करून गेलो होतो. सांगायचं राहिलं."

"मग इतका वेळ पडत काय होतं?" तिनं विचारलं.

"पाइपात उरलेलं असतं ना काकू, ते. हळूहळू उतरतं. संपलं की थांबतं."

"नाव घेतलं तेव्हाच संपलं?"

"कुणाचं नाव?" त्यानं भाबडेपणानं विचारलं.

नवऱ्यानं मान फिरवली. तिनं मात्र सांगितलं. अख्खं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, शाळेतल्या बाई हजेरी घेताना पुकारतात तसं. आणि नळाकडे बघत, ओ येण्याची वाट पाहत उभी राहिली.