बिछान्याची बाजू

दुपारी दोन वाजता, सेहेचाळीस अंशांच्या उन्हात, एकटीने ऑस्ट्रेलिया फिरणाऱ्या ग्लेनिसने गाडीमागे जोडलेल्या फिरत्या घराच्या, कॅराव्हॅनच्या, चाकाखाली तिसरी फळी सरकवली. कॅराव्हॅनच्या पुढच्या अंगाला बसवलेल्या, समतल दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा मध्यावर आला आणि पुन्हा ढळला. बिछान्याची बाजू दबली होती.

"आत कुणाला झोपवलंत, बाई?" कॅराव्हॅन-तळाचा राखणदार डॅरिल हसला. "वाटेत नवरा सापडला की काय?"

"सकाळपासून कुलूप आहे."

"मग उघडा आणि एसी लावा. मागच्या आठवड्यात एक जण इथंच उन्हाने कोसळला."

तो गेला. गाडीचा एसी कालच बिघडला होता. पिण्याचं पाणीही कॅराव्हॅनमध्येच होतं. दोन वाजून दहा मिनिटांनी ग्लेनिसने किल्ली काढली आणि वाकून शेवटचं पाणसळीकडे पाहिलं.

बिछान्याची बाजू सावकाश वर येत होती. आता दाराची बाजू दबत होती.